ओढीचं भाडं

विमानतळाला लागून असलेल्या भाडेगणन केंद्रात डॉ. हृषीकेश वडनेरे सकाळपासून खुर्चीला टेकले नव्हते. देशातल्या निम्म्या विमानांचं भाडं ठरवणारं सूत्र ज्यांनी लिहिलं, त्यांनाच आज बायकोचं तिकीट परवडत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

"सात लाख बारा," ते पडद्याकडे बघून पुटपुटले. खिडकीपर्यंत जाऊन परत आले. "सात लाख अठरा! मी वळेपर्यंत सहा हजार वाढले?"

"तुमच्या वळण्याने नाही वाढले, सर," डॉ. नौशीन पिंजारी म्हणाली. "मॅडमनी घरी बसून हिमनदीचे फोटो पाहिले असतील."

नौशीन शरीरशास्त्रज्ञ. मनगटावरच्या पट्टीतून नि फोनच्या कॅमेऱ्यातून माणसाच्या मनाचा ठाव घेणारा ओढमापक तिने बनवला होता आणि त्या मापाचं पैशात रूपांतर करणारं गणित वडनेऱ्यांचं होतं.

पूर्वी विमानाचं भाडं तारीख आणि रिकाम्या जागा पाहून ठरायचं, आणि त्यावर मात करायच्या युक्त्या लोकांना तोंडपाठ होत्या. आडवारी निघायचं, दोन महिने आधी तिकीट काढायचं, शेजारच्या शहरातून उडायचं, वाटेत दोनदा उतरायचं. वडनेरे या विद्येतले महामहोपाध्याय होते. म्हणूनच विमान कंपन्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, ही भोकं तेवढी बुजवून द्या. वडनेरे म्हणाले, कॅलेंडर सोडा, माणूस बघा. ज्याला जायची ओढ जास्त, त्याला भाडं जास्त. ज्याला गेलं काय नि न गेलं काय सारखंच, त्याला किमान भाडं. रिकामी विमानंही भरतील.

आणि खरोखरच भरली. कंपनीच्या बैठकांना नाइलाजाने जाणारे अधिकारी स्वस्तात उडू लागले. मेहुण्याच्या लग्नाला निघालेल्या जावयांना जवळजवळ फुकट तिकिटं मिळाली, आणि ते भाडं सासुरवाडीला कळल्यावर दोन-चार घरांत कायमचा अबोला धरला गेला. वडनेऱ्यांना मात्र जगात कुठेही जायचं म्हटलं तरी किमान भाडंच येई. याचा त्यांना कोण अभिमान! मन कसं ताब्यात ठेवावं ते माझ्याकडून शिका, असं ते चहाच्या वेळी सांगत.

मंजिरीबाईंना ही कला जमत नव्हती. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, खडूने फळ्यावर हिमनद्या काढल्या होत्या. आता आइसलंडमधली एक हिमनदी इतकी वितळली होती, की या उन्हाळ्यानंतर तिच्यावर कुणालाच पाऊल ठेवू देणार नव्हते. शेवटच्या गटात त्यांना जागा मिळाली होती. विमानाचं तिकीट आज पाच वाजेपर्यंत काढलं नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"तिला सकाळी अर्धा तास सिमेंटच्या किमती वाचायला लावल्या," वडनेरे म्हणाले. "ढिम्म फरक नाही."

"पडणारच नाही. आपण बेत पाठवतो, तो त्यांच्या डोळ्यांखालून जातो. कुठे, केव्हा, कुणाबरोबर. तो वाचताना बुबुळं, नाडी, त्वचेवरचा ओलावा, सगळं उत्तर देतं. माणूस गप्प बसला तरी शरीर बोलतंच. तुम्हीच सर्वांना सांगता ना हे?"

"मग मापकच बिघडलाय."

नौशीनला हे लागलं. "बघा ना तपासून."

वडनेऱ्यांनी तपासायला घेतलं. मंजिरीबाईंच्या फोनवर त्यांनी एकामागून एक खोटे बेत पाठवले. लिमा, एकटीने: भाडं आभाळाला भिडलं. हेलसिंकी, एकटीने: तेच. शेवटी वैतागून त्यांनी भोपाळ पाठवलं. भोपाळचंही भाडं पाचपट आलं.

"भोपाळला काय ठेवलंय तिचं?" वडनेरे ओरडले. "बिघडलाय म्हणतो ना मी!"

"एक खात्रीचं माप घालून बघा," नौशीन म्हणाली. "तुमचं स्वतःचं. ते कधी बदलत नाही."

हे शास्त्रशुद्ध होतं. वडनेऱ्यांनी आइसलंडचा बेत पुन्हा उघडला, सहप्रवासी म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि तो घरी पाठवला. क्षणभराने दोन आकडे उमटले. हृषीकेश वडनेरे, अडतीस हजार, नेहमीसारखं किमान. मंजिरी वडनेरे, अडतीस हजार.

वडनेऱ्यांनी टाळी वाजवली. "सापडलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोघांचे मिळून शहात्तर हजार! नौशीन, सहा लाखांवर वाचले! जोडप्याची सवलत आहे, आणि मी वेड्यासारखा लिमा नि भोपाळ करतोय."

नौशीनला अचानक आपल्या टेबलावर बरंच काम दिसू लागलं.

"ही सवलत मी सूत्रात कधी घातली बरं?" वडनेरे स्वतःशीच म्हणाले. मग जरा थांबून, "मी नाही घातलेली."

त्यांनी आपलं नाव काढलं. सात लाख. पुन्हा घातलं. अडतीस हजार. लिमाच्या बेतात घातलं, हेलसिंकीच्या, भोपाळच्या. सगळीकडे मंजिरीबाईंचं भाडं तळाला जाऊन बसलं.

"तुझं नाव घालतो," ते नौशीनला म्हणाले.

"नको, सर."

"घालू दे. दुसरं कुणी सोबत असलं तर काय होतं, ते बघायला हवं."

मंजिरीबाई नि नौशीन, आइसलंड. मंजिरीबाईंचं भाडं सहा लाख नव्वद हजार. मापकात तसूभरही बिघाड नव्हता.

वडनेरे त्या दिवशी पहिल्यांदाच खाली बसले. पाय मात्र हलत राहिला. ओढ नुसती कुठे जायची नसते, कुणापासून दूर जायचीही असते, आणि यंत्राला दोन्ही सारख्याच. त्यांना इस्तंबूलची सहल आठवली. भाडं वाचावं म्हणून त्यांनी तो प्रवास तीन तुकड्यांत तोडला होता. वाटेत एका विमानतळाच्या बाकांवर दोन रात्री काढल्या. दर थोड्या वेळाने ते मंजिरीबाईंना उठवून किती वाचले ते सांगत होते, आणि त्या 'हो का, छान' म्हणत होत्या. इस्तंबूलमध्ये पोहोचल्यावरही वडनेऱ्यांचं निम्मं लक्ष परतीचं भाडं उतरतंय का याकडेच होतं. ती सहल छान झाली, असं ते आजवर सगळ्यांना सांगत आले होते. मंजिरीबाईंनी तसं म्हटल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"सर," नौशीन हळूच म्हणाली, "नियमाने शहात्तर हजारांत दोन तिकिटं मिळतायत, फक्त दोघांनीही जायला हवं. मॅडमना हिमनदी बघायला मिळेल. काढून टाका."

"मिळेल बघायला," वडनेरे म्हणाले. "पण तिची इच्छाच मेल्यावर ती तिथे जाऊन काय करणार? बर्फ तर आपल्या फ्रीजमध्येही आहे."

त्यांनी आपलं नाव पुसलं. नवा बेत अजून पाठवला नव्हता, तेवढ्यात फोन वाजला. मंजिरीबाईच होत्या.

"अहो, मघाशी बेतात तुमचं नाव आलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज जपून टाकलेल्या पावलासारखा. "येताय का तुम्ही?"

"छे गं. यंत्र तपासत होतो. मला कुठे जमतंय, इथे कामाचा डोंगर आहे." बोलता बोलता त्यांनी बेत पाठवला. आइसलंड, एकटीने.

"हो का?" मंजिरीबाईंनी बेत पाहिला असावा. "आला असतात तर बरं झालं असतं."

पडद्यावर आकडा हलला. सात लाख तीस. सात लाख साठ. नौशीनने मान दुसरीकडे वळवली.

"पुढच्या वेळी येईन," वडनेरे म्हणाले.

"एकटीला करमायचं नाही मला तिकडे."

सात लाख नव्वद.

"करमेल. सवय होईल."

"आणि फार महाग असेल तर राहू द्या बरं का. माझं काही अडलेलं नाही."

आठ लाख दहा.

"नाही, उतरलंय भाडं," वडनेरे म्हणाले. "अगदी आवाक्यात आलंय."

नौशीनने कागदावर भराभर खरडून त्यांच्यासमोर धरलं: फोन ठेवा, त्या शांत झाल्या की लाखभर तरी उतरेल. वडनेऱ्यांनी ते वाचलं आणि नकारार्थी मान हलवली. भाडी वाचवून उरलेले पैसे ते आयुष्यभर एका वेगळ्या खात्यात टाकत आले होते आणि त्याला कधी हात लावला नव्हता. ते खातं त्यांनी उघडलं आणि त्यातली जवळजवळ सगळी रक्कम तिकिटाकडे वळवली. बोट बटणावर ठेवलं, पण दाबलं नाही. पलीकडे मंजिरीबाई आता लोकरीचे मोजे कुठे मिळतील, बर्फावर चालायचे बूट भाड्याने मिळतात का, असं काहीबाही विचारत होत्या. त्यांचा आवाज मोकळा झाला होता आणि आकडा चढत होता. आठ लाख तीस. आठ लाख पन्नास.

"बोल ना अजून," वडनेरे म्हणाले.

ती इतकी खूश असलेली त्यांनी लग्नानंतर कधी पाहिली नव्हती. आजही ते फक्त आकडाच पाहत होते. तो वर जायचा थांबला, तेव्हा त्यांनी बटण दाबलं.