गुहेच्या तोंडाशी हाक

महिपत पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं गुहेच्या आतच मला नाव विचारलं. झालं... पहिलीच चूक. आमच्या गुहेत कुणाचं नाव घेत नाहीत. घेतलं तर गुहा माणूस ठेवून घेते, असं जुनी माणसं सांगतात. मी कंदील त्याच्या तोंडासमोर धरून गप्प राहायची खूण केली. तो हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही, असं घरी कुणी न विचारताच मी आईला सांगून टाकलं.

इंद्रवेल्लीच्या पलीकडं आमचं गाव. गुहा दाखवायचं काम चौऱ्याण्णव सालापासून गावानंच चालवलंय. ज्या घरची पाळी, ते घर पाहुण्यांना आत नेतं, मग जेवू घालतं. बाहेर निघताना वाटाड्यानं आधी यायचं आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. त्यानं ‘आलो’ म्हटलं की माणूस खरा बाहेर आला.

महिपत मंचेरियलच्या भाजीवाल्यांचा. तो पुन्हा आला, मग पुन्हा आला. दर वेळी आमचीच पाळी कशी, हे दौलतकाकाला विचारा. पाळ्या तोच लावायचा आणि वांगी त्याच्याच घरी पोचायची.

इकडं बाबांनी तलमडुगुचं स्थळ धरलं होतं. रविवारी सुपारी फुटायची होती. स्थळात खोट नव्हती. मला ते नको होतं, एवढंच.

शुक्रवारी महिपत पुन्हा आला. आत बाकीचे पुढं गेल्यावर तो हळूच म्हणाला, “मी पसंत आहो का नाई, एवढं सांग.”

“बाहेर सांगीन.”

“बाहेर तर तुहे बाबा बसून राह्यले...”

“मंग त्यायच्यासमोर सांगीन.”

म्हणाले खरी, आणि कंदील घेऊन पुढं झाले.

बाहेर येऊन मी भगवानरावांना हाक मारली, आशाबाईंना मारली. ते आले. मग त्याची पाळी... आणि तोंडातून नाव निघेना. मागच्या खेपांना बेधडक घेतलेलं नाव. आमच्याकडं बाई एकाच माणसाचं नाव घेत नाही, आपल्या नवऱ्याचं. मी काही ठरवलं नव्हतं, जीभच उचलेना. तो मला इतका हवा होता, हे मला तिथं, सगळ्यांसमोर कळलं.

महिपत गुहेच्या तोंडाशी उभाच राहिला. “हाक आल्याबिगर मी येत नाई,” म्हणाला.

शेजारच्या कौशल्याबाई पदरात खोकल्या. आजवर त्याला ‘भाजीवाल्याचा पोरगा’ म्हणणारे बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग उठले, धोतराची धूळ झटकली.

“महिपतराव, या बाहेर,” ते म्हणाले. “भाकर निवून राह्यली.”