हळदीनंतरचा निळा पडदा

एकवीस मिनिटं चाळीस सेकंद. सकाळपासून चौथ्यांदा कॉम्प्युटर तिथंच थांबला.

"मेलं हे मशीन!" उज्वलानं माउस आपटला. महाडच्या एसटी डेपोमागं तिचा फोटो स्टुडिओ. जुन्या लग्नांच्या कॅसेट कॅमेऱ्यात घालायच्या, वायर जोडून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि एडिट करून पेनड्राइव्हमध्ये द्यायच्या, हा तिचा धंदा. कॅसेट जेवढ्या वेळाची, उतरवायलाही तेवढाच वेळ. त्यात दोनदा लाईट गेलेली. तिचं डोकं पार उठलं होतं.

समोर तुडीलच्या काशीबाई आणि त्यांचे धाकटे भाऊ अरविंदमामा बसले होते. कॅसेट काशीबाईंच्या लेकीच्या लग्नाची, अठरा वर्षांपूर्वीची. त्या लग्नात काशीबाईंचे यजमान श्रीपत माइकवर बोलले होते. तीन महिन्यांनी ते गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

"हळद आहे, पण लग्नच नाही," उज्वला म्हणाली. "नुसता निळा पडदा. मग प्रोग्रॅम आपोआप थांबतो."

"तवाबी टीव्हीवर असंच दिसलं," काशीबाई म्हणाल्या. "माझ्या पोरानं पुसलान. भरतनं."

"कशावरून?"

उत्तर मामांनी दिलं. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेरा क्रिकेटला नेला होता. याच कॅसेटवर मॅच घेतली असणार. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि भरत काय म्हणाला?"

"दुसरी कॅसेट घातली व्हती म्हनला," काशीबाई खाली बघत म्हणाल्या. "मी नाय ऐकला त्याचा. बदलापूरला गेला तो गेलाच. तवापासून घरात पाय नाय त्याचा."

उज्वला पडद्याकडं बघत राहिली. निळा. कॅमेऱ्यातला वेळेचा आकडाही गेलेला, त्याच्या जागी नुसत्या रेघा. तिला स्वतःचाच राग आला. चार वेळा बघूनही हे आपल्या लक्षात कसं आलं नाही?

"मामा, शूटिंग तुम्ही केलंत?"

"मीच."

"हळदीनंतर कॅसेट मागं फिरवली होती?"

"फिरवावीच लागली. हळदीच्या बाया सोडतात होय! आम्ही कशा दिसतो ते दाखवा म्हणाल्या. सगळ्यांना दाखवली."

"दुसऱ्या दिवशी लग्न घ्यायच्या आधी काय केलंत?"

मामा ताठ बसले. "पुढं सरकवली. हळद संपल्यावर आणखी चांगली चार-पाच मिनिटं. चुकून हळद पुसली जायला नको. कचेरीत रजिस्टरसुद्धा मी मध्ये कोरं पान सोडूनच लिहायचो."

उज्वलानं कपाळाला हात लावला.

"मामा, भरतनं मॅच घेतली असती तर इथं मॅच दिसली असती. कॅमेऱ्याचं झाकण लावून पुसलं असतं तर पडदा काळा झाला असता, आणि आकडा चालू राहिला असता. निळा पडदा म्हणजे कोरी टेप. तिथं कुणी कधी काही घेतलंच नाही. तुम्ही सोडलेली कोरी जागा सगळ्यांना शेवट वाटली. टीव्हीसमोर तुम्हाला वाटली, आज मला आणि या मशीनलाही."

"म्हंजे लगीन?" काशीबाईंनी विचारलं.

"पुढं असणार."

तिनं टेप पळवली. निळा. निळा. निळा. मग एकदम मांडव. बुद्धवंदना झाली आणि पांढऱ्या सदऱ्यातले श्रीपत उभे राहिले. शेजारी माइक धरून विशीतला भरत.

"जय भीम, मंडळी. दर्शना आज सासरी चालली," श्रीपत बोलले. "पर आमाला काळजी नाय. आमचा भरत हाय."

काशीबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांची मान खाली गेली.

"ताई, मी फोन करतो त्याला. चूक माझी आहे."

"तू सांगितलंस. पन मानला कोनी? आय मी हाय रे त्याची."

अठरा वर्षांत काशीबाईंनी भरतला एकदाही फोन केला नव्हता. उज्वलाचा मोबाईल हातात घेऊन त्यांनी नंबर मात्र न चुकता दाबला.

"भरत," त्या म्हणाल्या, "घरी ये रे बाबा. तू नाय पुसलास."