ऑर्फाबाई कधी बसत नसत

दार लावून घे रे कोल्टन, गार वारा आत येतोय. आणि तो टीव्ही बंद कर.

तर काउंटी रोडवरचं ते पांढरं घर तू भाड्याने घेणार म्हणतोस. घे की. भाडं कमी आहे, हवाई तळ जवळ आहे, घरात काही खोट नाही. पण समोरच्या घराच्या खिडक्यांना फळ्या का ठोकल्यात, हे घरमालकाने तुला सांगितलं नसणार. मी सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. वर्लिन हॅचच्या बाबतीत घडलेली आहे, आणि वर्लिन माझा जिवाभावाचा दोस्त. अर्धं आयुष्य आम्ही एकाच विमानाखाली ग्रीस पुसत काढलं.

राखीव दलाचा तळ म्हणजे काय, ते आता तुम्हाला कळलंच असेल. महिन्यातून एक शनिवार-रविवार जत्रा, बाकी दिवस धावपट्टीवर ससे. कुटुंबाला राहायला आत घरं नाहीत. नवा माणूस बदली होऊन आला की त्याने गावात जागा शोधायची, आणि त्याच्या मदतीला एक जुना माणूस नेमून द्यायचा, ही आपली पद्धत. ते काम वर्लिन हौसेने करायचा. बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं. परक्यांचे पलंग जोडून देण्यात त्याच्या संध्याकाळी निघून जायच्या.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. न्यू मेक्सिकोहून एक जोडपं आलं होतं, डारिओ आणि नोएमी, कडेवर सहा महिन्यांचं पोर. घर तेच, कोल्टन, तुझं पांढरं. सामानाचा ट्रक बर्फामुळे मिझुरीत अडकलेला. आणि डारिओला त्याच रात्री पहिलं उड्डाण. हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणारं विमान, समुद्रापर्यंत जाऊन यायचं. म्हणून वर्लिन रात्री आठच्या सुमाराला हवेची गादी, दोन ब्लँकेटं आणि एक तवा घेऊन त्यांच्याकडे गेला. डारिओ नुकताच तळावर निघून गेला होता.

नोएमी हसतच दार उघडायला आली. "या वर्लिनकाका. तुमचं गाव भारी आहे हं. अजून एक खोकं उघडलं नाही, तोवर शेजारीण जेवण देऊन गेली."

"कोण शेजारीण?"

"समोरची. म्हाताऱ्या आहेत, डोक्याला हिरवा रुमाल. म्हटलं आत या, बसा जरा. तर म्हणाल्या, मी बसत नाही गं बाई, मला पुढे जायचं असतं."

वर्लिनने गादी खाली ठेवली. ओट्यावर एक काचेचं भांडं होतं, वर फॉइल लावलेलं. त्याने कोपरा उचलला. किसलेले बटाटे, साय, चीज, आणि वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. नुकतंच ओव्हनमधून निघाल्यासारखं खदखदत होतं.

हसतोस काय कोल्टन? ही मरीसा इथलीच आहे, तिला विचार. सांग गं त्याला, गावात नवीन कुणी राहायला आलं तर आपण काय नेतो?

"ॲपल पाय. नाहीतर घरचा ब्रेड."

आणि हे बटाटे?

ती नाही सांगणार, मी सांगतो. हे बटाटे आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलंय, तिथे नेतात. एरवी रोज ताटात असले तरी चालतील, पण नव्या घराच्या उंबऱ्यावर कुणी नेत नाही. न्यू मेक्सिकोच्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? तिला वाटलं, स्वागत आहे.

आता समोरच्या घरात कोण राहायचं ते ऐका. ऑर्फा लिंडेल. तळावरचा कुणी गेला की त्याच्या घरी कळवायला एक निळी गाडी निघायची, आत एक अधिकारी आणि एक पाद्री. ती गाडी वळणावर दिसायची, तेव्हा ऑर्फाबाई त्या घराच्या पायरीवर आधीच उभ्या असायच्या, हातात हे भांडं. त्यांना कसं कळायचं, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. भांडं द्यायच्या, बाईच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि निघायच्या. कुणी कितीही आग्रह करो, कधी बसल्या नाहीत. कुणाच्या घरची कॉफीसुद्धा घेतली नाही.

आणि त्या गुरुवारी ऑर्फाबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घराला फळ्या तेव्हापासूनच.

वर्लिनने भांडं डोक्याच्या उंचीपर्यंत उचललं आणि खालून पाहिलं. बोटं पोळली. तळाला चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत नाव. ऑर्फा लिंडेल. परत करताना घोळ नको म्हणून लिहितात ना, तसं.

"तुम्ही खाल्लंत यातलं?"

"नाही अजून. का हो काका? तोंड का उतरलं तुमचं?"

तो अंगणात गेला, डारिओला फोन लावला. म्हणाला, आज उडू नकोस. पोटात दुखतंय म्हण, काहीही म्हण.

"काका, बायकोने सांगितलंय का तुम्हाला असं बोलायला?"

"नाही रे. घरी बटाटे आलेत."

डारिओ खूप हसला. "मग माझा वाटा ठेवा बाजूला," म्हणाला, आणि फोन बंद केला.

वर्लिन आत आला. "पोरी, हे भांडं चुकून इकडे आलंय. मी परत देऊन येतो."

"भरलेलं परत? आमच्यात असं करत नाहीत काका."

"आमच्यातही करत नाहीत," वर्लिन म्हणाला.

बाहेर गारठलेला पाऊस पडत होता. पडेल तिथे गोठून बर्फाची काच होत होती. रस्ता ओलांडायला त्याला चांगलाच वेळ लागला. समोरचं घर काळंकुट्ट. फळ्या जिथल्या तिथे. त्याने भांडं पायरीवर ठेवलं. वळला. दोन पावलं टाकली असतील.

मागे दाराची कडी निघाली.

"भूक नाही का त्यांना?"

आवाज ओळखीचा. वर्लिनने मान वळवली नाही.

"नाही," म्हणाला.



"भांडं एकदा ओव्हनमधून निघालं ना वर्लिन, की कुणाकडे तरी द्यावंच लागतं."

वर्लिनने एक पाऊल पुढे टाकलं.

"मग कुणाकडे देऊ?"

समोर पांढऱ्या घराच्या खिडकीत दिवा होता. नोएमी पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. पोर झोपत नव्हतं. वर्लिन मला म्हणाला, मी तेवढंच पाहिलं आणि बोलून गेलो.

"माझ्याकडे या, ऑर्फाबाई. पण आज बसायचं. एकट्याने जेवायचा कंटाळा आलाय मला."

तो गाडीत बसला, घरी गेला आणि मला फोन केला. सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं.

मी म्हटलं, "किती प्यायलास?"

"कॉफी टाकलीय रे नुसती. दोन कप."

मी राहतो पस्तीस मैलांवर. म्हटलं, गाडी काढतोय, मी येईपर्यंत दार उघडू नकोस.

"असं कसं? बोलावलंय मीच."

मग फोनमधून ऐकू आलं. ठक. ठक. ठक.

"वर्लिन."

"आल्या बघ," तो म्हणाला. आवाजात भीती नव्हती. शपथेवर सांगतो, नव्हती. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज. दाराचा आवाज. पावलं...

खुर्ची सरकली.

मग दुसरी खुर्ची सरकली.

मी ओरडत राहिलो. कुणी फोन उचलला नाही. पुढे तो आपोआप बंद झाला.

पस्तीस मैलांना मला रात्र पुरली नाही. दोनदा गाडी खड्ड्यात गेली. पहाटे तळावरून एकाचा फोन आला. डारिओच्या विमानाचं इंजिन धावपट्टी सोडताच पेटलं होतं. कसेबसे परत फिरले. आग पंखातल्या टाकीपर्यंत पोचली होती आणि तिथेच विझली. कशी विझली, ते तपास करणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. सगळे उतरले. कुणाला ओरखडा नाही.

वर्लिनकडे पोचलो तेव्हा उजाडत होतं. दार नुसतं लोटलेलं होतं.

तो टेबलाशी बसला होता. हनुवटी छातीवर. पुढ्यातली बशी चाटूनपुसून साफ केलेली. मी हात धरला... लाकूड. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय बंद पडलं, रात्री दहा-साडेदहाला केव्हातरी. सुखाने गेला म्हणाले. चेहऱ्यावरून मलाही तसंच वाटलं, पण मला तो दोस्त अजून हवा होता. आजही हवा आहे.

डारिओ आणि नोएमी वर्षभर त्या घरात राहिले. त्यांच्या पोराचं मधलं नाव वर्लिन लावलंय.

ते काचेचं भांडं? सगळं घर पालथं घातलं. नव्हतं.

पण त्याच्यासमोरची खुर्ची मागे ओढलेली होती. तिथेही एक बशी होती, तीही साफ. घरात शेगडी बंद. ओव्हन गार. कॉफीचं यंत्र गार. वर्लिनच्या कपातल्या कॉफीवर साय धरली होती.

आणि समोरच्या कपातून वाफ येत होती.