गंगावनातली भूक

मिरजेच्या चयापचय प्रयोगशाळेत डॉ. हेमलता रेग्यांनी डबा उघडला, आणि जुन्या खोबरेलाचा वास दरवळला. आत गंगावन होतं. यामिनी शाळेत असताना आई तिच्या वेणीत ते गुंफायची. म्हणायची, "लहानपणी तापात कापलेले तुझेच केस आहेत हो, जपून ठेवलेत मी."

यामिनीला पीसीओएस होता. पेशी इन्सुलिनचं ऐकत नव्हत्या; घास मोजून खाल्ला तरी वजन चढायचं. "ही हवेवर वाढते," असं काकू चारचौघांत म्हणायच्या, म्हणून तिने लग्नकार्यांना जाणंच सोडलं होतं.

"केस वाढताना रक्तातल्या संप्रेरकांची खूण त्यात उतरते," हेमलताबाई म्हणाल्या. "त्यावरून तुझी आजारापूर्वीची भूकलय, म्हणजे कधी किती भूक लागायची ते, वाचता येईल. त्वचेखाली बसवायचं लयरोपक यंत्र तीच पुन्हा सुरू करील. पण शरीर नवी लय एकदाच स्वीकारतं, यामिनी. दुसरी संधी नाही."

"केस माझेच आहेत ना पण?"

"इतक्या जुन्या केसात फक्त मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए टिकतो. तो जुळलाय."

तिने होकार दिला.

वजन हळूहळू उतरलं. पाळी रुळली. भूक मात्र वेगळीच वागू लागली. शाळेत मधल्या सुट्टीच्या आधीच डबा संपवणारी ती. आता घरातले सगळे जेवून आडवे झाले की मग तिला भूक लागे. सोमवारी तर दिवेलागणीपर्यंत नाहीच. लहानपणी तिने एकही उपास धरला नव्हता.

हेमलताबाईंनी यंत्र तपासलं. दोष नव्हता. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून जसाच्या तसा येतो गं. तुझा आणि आईचा एकच."

यामिनीला घराच्या मागच्या दाराची पायरी आठवली. तिथे बसून आई केस विंचरायची, गळलेले केस बोटाला गुंडाळायची आणि डब्यात ठेवायची. लेकीची वेणी बारीक होती. वर्गात कुणी हसू नये, एवढंच आईच्या मनात असणार.

हेमलताबाईंनी रोपक बंद करण्याची तयारी दाखवली. वजन परत येईल, हेही सांगितलं. यामिनीने मान हलवून नको म्हटलं.

त्या सोमवारी तिने देवापाशी दिवा लावला आणि पोटात भूक जागी झाली. आई सोमवारचा उपास असाच दिवा लावून सोडायची. "तुम्ही जेवा, मला भूकच नाही," असं आई रोज म्हणायची. यामिनीला तेव्हा ते खोटं वाटायचं.

आई गंगावनाबद्दल खोटं बोलली होती. भुकेबद्दल नाही.