शेषपल्ला

पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'दुरुस्ती' असं उमटलं आणि धनंजय पोळांनी हातातली फाइल टेबलावर आपटली.

"चार लाख अठरा हजार किलोमीटर पळालीय गाडी! कुंभार्ली घाटात बॅटरी मान टाकते, मागनं ट्रकवाले शिव्या घालतात, आणि तुमचं यंत्र म्हणतंय दुरुस्त करून वापरा?"

कराडच्या वाहन-निर्णय केंद्रात अशी आदळआपट रोजची होती. जुनी गाडी दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हे ठरवण्याचा हक्क मालकाकडून काढून घेतल्याला दहा वर्षं झाली होती. कारण असं दिलं होतं की, नवी गाडी घडवताना कारखान्यात इतका धूर निघतो की ती साठ हजार किलोमीटर धावली तरच त्याची भरपाई होते. नुसती बॅटरी बदलली तर वीस हजारांत भागतं. म्हणजे एकच गोष्ट कळायला हवी, हा माणूस अजून किती गाडी चालवणार? त्या आकड्याला 'शेषपल्ला' असं भारदस्त नाव मिळालं. हायब्रिड गाडीच्या स्टिअरिंगमध्ये केसाएवढ्या तारा असतात. चालकाला डुलकी लागली तर जागं करायला त्या बसवल्या होत्या. आता त्या तळहाताची नाडी, घाम, पकड सगळं टिपतात, आणि लाखो चालकांच्या नोंदींशी ताडून यंत्र सांगतं की हे हात अजून इतके किलोमीटर चालवतील. नियम करणाऱ्यांच्या गाड्या दर दोन वर्षांनी कशा बदलतात, ते मात्र यंत्र सांगत नाही.

पोळ ठिबक सिंचनाचे सुटे भाग गावोगाव पोचवत. गाडी थांबली की धंदा थांबला. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, सुवर्णाताई, "अहो, हळू बोला" असं तिसऱ्यांदा म्हणाल्या.

समोर अर्शिया बागवान होती. हे गणित बसवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ती एक. "काका, शेषपल्ला एकतीस हजार आलाय. नवी बॅटरी मिळेल, नवी गाडी नाही."

"एकतीस हजार मी वर्षात करतो, मॅडम!"

"तो आकडा तुमचा नाही, काकूंचा. गाडी त्यांच्या नावावर आहे."

गोम इथं होती. बाईच्या नावावर गाडी घेतली की करात सूट मिळते, म्हणून पोळांच्या गल्लीत झाडून सगळ्या गाड्या बायकांच्या आणि स्टिअरिंग नवऱ्यांच्या हातात. सुवर्णाताई आठवड्यातून एकदा उंब्रजला माहेरी जात, तेवढंच त्यांचं चालवणं.

"मग करा माझ्या नावावर. आत्ता!" पोळ गरजले. "बघू दे तुमच्या यंत्राला, गाडी चालवणारा कोण आहे ते."

दोघांचे अंगठे घेतले. पडदा क्षणभर कोरा झाला.

'शेषपल्ला : दोन हजार शंभर. दुरुस्ती अनावश्यक. वाहन आहे तसे वापरावे.'

"शून्यं खाल्ली की हो यंत्रानं!" पोळ उसळले. "दोन लाख दहा हजार असणार. काय भंगार बसवलंय इथं?"

अर्शियानं नोंदी उघडल्या. ती वाचत राहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"महिन्याला किती होतात हो तुमचे?" सुवर्णाताईंनी नवऱ्याला विचारलं.

"अडीच हजार," पोळ म्हणाले, आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागले.

"काका, हा अंदाज आहे, चुकतोही," अर्शिया म्हणाली. "पण नाडीत खंड पडतोय. डाव्या हाताची पकड सुटतेय. आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा."

"कधीपासून दिसतंय हे?" सुवर्णाताईंचा आवाज आता चढला होता.

"मार्चपासून."

"आठ महिने! आणि एका शब्दानं कळवलं नाही?"

"काकू, यंत्र फक्त मालकाशी बोलतं. मालक तुम्ही होता. आणि दुसऱ्याच्या तब्येतीची माहिती मालकाला द्यायची नाही, असा नियम आहे. ती खासगी असते."

"दुसऱ्याच्या?" सुवर्णाताई ताडकन उठल्या. "नवरा आहे तो माझा! मार्चमध्ये डॉक्टरला दाखवला असता!"

त्यांनी पोळांच्या मुठीतली किल्ली काढून घेतली. मग मोबाइल काढून, बोटानं भराभर मागं जाऊन, त्यांनी तो अर्शियाच्या नाकासमोर धरला.

"तुमच्याच यंत्राचा मेसेज आहे, मार्चमधला. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या."

अर्शियानं वाचला.

"सन्माननीय वाहनधारक, आपल्या वाहनाच्या मागील डाव्या चाकात हवा कमी आहे. काळजी घ्यावी."