डाव्या कोपऱ्यातला घाम

धुक्यातल्या हिराजी म्हात्रेनं रांजणपाड्याच्या चढाईपटूचा घोटा धरून त्याला मातीत लोळवला, तेव्हा खरा हिराजी म्हात्रे मैदानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वडापाव खात होता. धुक्यातला सव्वीस वर्षांचा, खुर्चीतला शहात्तर. गावानं टाळ्या वाजवल्या त्या सव्वीसवाल्याला. शहात्तरवाल्यानं पावातली मिरची काढून बाजूला ठेवली आणि "तिखट आहे" एवढंच म्हणाला.

खारढोंड्याच्या लोकांना आता याचं फारसं नवल राहिलं नव्हतं. पंधरा दिवस रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला मैदानाच्या चार कोपऱ्यांतले खांब बारीक धुकं सोडायचे, त्यावर प्रकाश पडायचा आणि १९८८ सालचे चौदा खेळाडू पंचांसकट मातीवर उभे राहायचे. धुक्यानं धूळ बसायची, हा वरचा फायदा. सुना घरातलं उरकून आधीच जागा धरून बसत. मुलं मात्र हाफपँटींची लांबी बघून हसत.

हे सगळं घेऊन आली होती अनुजा शेडगे, साताऱ्याकडची, जुने खेळ जतन करणाऱ्या एका केंद्रातली संशोधक. अडचण साधी होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या गावोगावच्या कबड्डीचं चित्रीकरणच नव्हतं. तेव्हा खारढोंड्यात कॅमेरा लग्नाला यायचा, कबड्डीला नाही. मग ते खेळाडू आणायचे कुठून? अनुजाचं केंद्र ते प्रेक्षकांच्या डोक्यातून आणत होतं.

"आपण खेळ बघतो तेव्हा नुसते डोळे बघत नाहीत," तिनं पहिल्याच दिवशी गावाला समजावलं होतं. "समोरच्यानं उडी घेतली की आपल्या मेंदूतला उडीचा भाग हलतो. पाय जागच्या जागी शिवशिवतात. याला आम्ही अनुचलन म्हणतो. ज्यानं एखाद्या खेळाडूला वर्षानुवर्षं जीव लावून बघितलंय, त्याच्या मेंदूत तो खेळाडू हालचालींसकट शिल्लक असतो. ही टोपी घालून तुम्ही सामना सांगायचा. टोपी तो खेळाडू उतरवून घेते."

"मग जनूला बोलवा," सगळे एका सुरात म्हणाले होते.

जनार्दन घरत, वय एकाहत्तर, खत कारखान्यातून निवृत्त. त्याच्या कबड्डीवेडाच्या कथा अख्ख्या पंचक्रोशीत माहीत होत्या. सामना असला की तो पाळी बदलून घ्यायचा. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यानं बदलून घेतली होती, कारण त्या दिवशी उपांत्य फेरी होती, आणि सासऱ्यानं अजून त्याला माफ केलं नव्हतं, जरी सासरा जाऊन वीस वर्षं झाली होती. टोपी घालून तो त्रेचाळीस तास बोलला. त्र्याऐंशीचा सामना, ज्यात बाळाराम ठाकूर एकटा उरला आणि एकाच चढाईत तिघांना शिवून आला. शहाऐंशीचा विजय, ज्यानंतर गावानं नामा पिंगळेला खांद्यावर घेतलं आणि विहिरीपाशी पाडलं. पण सगळी वाट शेवटी एकाच माणसाकडे वळायची. डावा कोपरा, हिराजी म्हात्रे. चढाईपटूला ओलांडावीच लागते त्या निदान रेषेपलीकडे त्याचा पाय पडला रे पडला, की हिराजी खाली बसायचा आणि घोटा त्याच्या हातात असायचा. सांगताना जनूची बोटं आपोआप मिटायची आणि टोपीवरचा हिरवा दिवा लागायचा.

आज फक्त हिराजीची सही राहिली होती. हयात खेळाडूची संमती असल्याशिवाय त्याची प्रतिमा ठेवायची नाही, असा केंद्राचा नियम होता. सही झाली की हा धुक्यातला हिराजी राज्यभरच्या प्रशिक्षण केंद्रांत जाणार, पोरं त्याच्यासमोर चढाया करून शिकणार. उद्या संध्याकाळपर्यंत सही नाही झाली, तर सगळं पुसलं जाणार. चित्रीकरण नाही, दुसरा पुरावा नाही. जनूनं आयुष्यभर ज्याला डोक्यावर घेतलं, तो माणूस जनूबरोबरच संपणार.

अनुजानं सहीसाठी पडद्याची पाटी पुढे केली. हिराजीनं हात पुसले आणि पाटी परत दिली.

"नाय करणार. हा मी नाय."

जनू खुर्चीतून उठलाच. "हिरादादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नाक तुझं, मांड्या तुझ्या, ती वाकडी करंगळी तुझी. पकड तर डोळे मिटून सांगावी अशी तुझी. अजून काय पायजे तुला?"

"सगळं माझं," हिराजी शांतपणे म्हणाला. "पण हा सारखा घाम पुसतो. मी खेळताना कधी घाम पुसला, जन्या?"

जनू परत खुर्चीत बसला. "पुसला असशील कधी."

"तुला माहीत आहे," हिराजी म्हणाला, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि घराकडे चालू लागला. जनूला त्याच्या पाठीकडे बघवेना.

आता या घामाची गोष्ट सांगायला हवी, कारण खारढोंड्यात ती शेंबड्या पोरालाही पाठ होती. अठ्ठ्याऐंशीचा अंतिम सामना, समोर रांजणपाडा, गुण एकोणीस-एकोणीस, शेवटची चढाई. चढाईपटू आला, हिराजीच्या कोपऱ्यात पाय टाकून परत गेला. कुणाला शिवला नाही. तेवढ्यात हिराजीनं कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला. कबड्डीत ज्याला चढाईपटूचा स्पर्श झाला, त्यानं स्वतःहून हात वर करून बाद म्हणून बाहेर जायचं असतं. पंच चवरकर मास्तरांनी त्या घामाचा फायदा घेतला, शिट्टी फुंकली, आणि करंडक रांजणपाड्याला गेला. तेव्हापासून खारढोंड्यात लबाडीला चवरकरी म्हणतात. पत्त्यांत कुणी पान लपवलं की, "ए, चवरकरी नको." मास्तर पुढं बारा वर्षं पंच होते, पण खारढोंड्याच्या मैदानावर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही. बाजाराला जातानासुद्धा ते लांबच्या रस्त्यानं जायचे. आता ते नव्हते.

हिराजीनं सुरुवातीला दोनचार वेळा सांगून बघितलं होतं की मास्तरांची चूक नव्हती. पण गावाला ते त्याच्या मनाचा मोठेपणा वाटला. त्याचं नाव उलट आणखीच वाढलं. मग त्यानं नाद सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा जनूच्या पडवीत येऊन बसली. रात्रीतून तिनं यंत्राला चाळीस सामने खेळायला लावले होते.

"काका, तो घाम एकतीस वेळा पुसतो," ती म्हणाली. "एकतीसच्या एकतीस वेळा त्याच्या आधी एक गोष्ट घडलेली असते. चढाईपटूचं बोट नाहीतर अंगठा त्याला हलकासा लागलेला असतो. पंचांना न दिसण्याइतका हलका. पण याला कळतो."

जनू सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला.

"आणि हात बघा." तिनं पाटीवर चित्र सावकाश चालवलं. "हा हात कपाळाकडे निघालेलाच नाही. सरळ वर चाललाय, कोपर उघडतंय. मग मध्येच वळतो आणि कपाळावर येतो. यंत्रानं हे मनानं केलेलं नाही. यंत्राला मन नाही. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं आणि तोंडानं जे सांगितलं, ते दोन्ही या एका हातात आलंय."

जनूनं अडकित्ता खाली ठेवला.

"मी मैदानाच्या दोरीला टेकून बसलो होतो, बाय. हिरादादापासून चार हातांवर. अंगठा लागला, पोटरीला. मी बघितलं. मास्तरांनी नाय बघितलं, ते पलीकडे होते. आणि यानं हात वर केला. पुरता वर." त्यानं स्वतःचा हात थोडा उचलला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "सामना हरलो. लोक पिसाळले होते. कुणीतरी ओरडलं, हिऱ्यानं हात का वर केला, विकला गेला हिऱ्या. दगड उचलले होते लोकांनी. मी एकवीस वर्षांचा. मला काय सुचावं? मी ओरडलो, घाम पुसत होता तो. आणि सगळे मास्तरांकडे वळले."

"म्हणजे तुम्ही हिराजीकाकांना वाचवलंत."

"त्याला वाचवला आणि मास्तरांचा बळी दिला," जनू म्हणाला. "मग तेच सांगत राहिलो. इतक्या वेळा सांगितलं की मलाच घाम दिसायला लागला. पन्नास वर्षं आम्ही रोज सकाळी एकत्र चहा घेतो. त्याला माहीत आहे मी बघितलं, मला माहीत आहे त्याला माहीत आहे. एक शब्द नाय निघाला. एकट्यानं फार जड जातं गं हे."

अनुजानं पिशवीतून टोपी काढली. "आत्ता सांगता? इथंच घेऊ. गावाला कळायची गरज नाही."

जनूला मोह झाला, नाही असं नाही. पडवीत बसून गुपचूप सांगायचं, संध्याकाळी सही घ्यायची, काम झालं. त्यानं टोपी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि तिला परत दिली.

"मैदानात घालतो," तो म्हणाला. "मास्तरांना शिव्याही मैदानातच घातल्यात आम्ही."

संध्याकाळी पाच वाजता मैदान भरलं. जनू टोपी घालून ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिला आणि त्यानं अठ्ठ्याऐंशीचं शेवटचं मिनिट सांगितलं. एरवी हे मिनिट सांगायला त्याला अर्धा तास लागायचा. आज तीन-चार वाक्यांत झालं. अंगठा लागला. हिराजीनं हात वर केला. घाम मी लावला. चवरकर मास्तर खरे होते.

मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तिनं मास्तरांच्या सायकलवर शेण फेकलं होतं, हे तिच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं तिघं जण जनूला चार गोष्टी सुनावायला उठलेसुद्धा, पण तेवढ्यात धुकं सुटलं आणि ते होते तिथंच बसले.

शेवटची चढाई. गुण एकोणीस-एकोणीस. रांजणपाड्याचा गडी दम धरून आला, डाव्या कोपऱ्यात पाय टाकला आणि वळला. अंगठा पोटरीला लागला की नाही, हे कुणालाच दिसलं नाही. धुक्यातल्या चवरकर मास्तरांनाही दिसलं नाही. हिराजीचा हात उठला. कोपर उघडलं. या वेळी तो वळला नाही, सरळ वर गेला आणि तिथंच राहिला. मास्तरांची शिट्टी त्यानंतर वाजली. सगळ्या गावानं ऐकलं, हात आधी आणि शिट्टी नंतर.

खारढोंडे पुन्हा एका गुणानं हरलं. पहिली टाळी त्या म्हातारीनं वाजवली. मग मात्र मैदान असं वाजलं की झाडावरचे बगळे उडाले. शहाऐंशीच्या विजयालाही एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या, असं जनूनं नंतर शपथेवर सांगितलं, आणि आता त्याच्या शपथेवर कितपत विश्वास ठेवायचा यावर लगेच वाद झाला.

"ते सगळं ठीक," नरेश पिंगळे म्हणाला. रोजचा पत्त्यांचा अड्डा त्याच्याच ओसरीवर बसायचा. "पण आता पत्त्यांत लबाडी केली तर काय म्हणायचं?"

"घाम आला म्हणा," हिराजी म्हणाला. त्यानं पाटी ओढून घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग खुर्ची जनूच्या खुर्चीला लावून बसला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, पण हिराजीचा हात जनूच्या मानेवर होता आणि बराच वेळ तिथंच होता.

"एक सांग, बाय," हिराजीनं अनुजाला विचारलं. "तुमच्याकडे असे किती खेळाडू झाले?"

"तुम्ही धरून तीनशे बारा."

"आणि त्यातले हात किती जण वर करतात?"

अनुजा हसत पाटीवर शोधायला लागली. शोधता शोधता तिचं हसू थांबलं. तिनं पुन्हा शोधलं.

"तुम्हीच," ती म्हणाली. "एकटे."

"बाकीचे तीनशे अकरा कधी बादच झाले नाहीत?"

"झाले असणार. पण त्यांना हलका स्पर्श झाला की..." ती एकेक चित्र पुढं सरकवत होती. "हा आभाळाकडे बघतो. हा हाफपँटची नाडी ओढतो. हा कान खाजवतो, बावीस वेळा. मला वाटलं होतं, या लकबी आहेत. मी अहवालातही तसंच लिहिलंय. लकबी."

"तो कानवाला कुठला?" जनूनं विचारलं.

तिनं नाव वाचलं. "रांजणपाड्याचा. डावा कोपरा."

जनू एवढा खुलला की हिराजीनं त्याला कोपरानं ढोसलं. रांजणपाड्यानं हात दडवला. पन्नास वर्षांत जनूला याहून गोड बातमी कुणी दिली नव्हती. उद्याच जातो, भर चौकात विचारतो, असं तो म्हणालासुद्धा. पण मग तो पाटीवरच्या त्या पोराकडे बघत राहिला. पोरगा हात वर उचलत होता आणि तो हात मध्येच कानाकडे वळत होता, पुन्हा पुन्हा. तिथंही कुणीतरी दोरीला टेकून बसला असणार. कुणीतरी याला जीव लावला असणार, खरं बघून दुसरंच सांगितलं असणार. अजून असेल तर सत्तरीचा असेल, आणि याच वेळी आपल्या पडवीत बसला असेल.

"मला घेऊन चल तिकडे," जनू अनुजाला म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "टोपी तू नंतर घाल त्याला. आधी मला दोन मिनिटं त्याच्याजवळ बसू दे. एवढंच विचारतो, बाबा रे, इतकी वर्षं हे एकट्यानं कसं सांभाळलंस?"