दहावा ठिपका

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. हे ज्यांच्यावर गुदरलं ते माझे धाकटे मामा, आणि ते थापाडे असते तर आज सुखाने जेवले-झोपले असते.

शनिवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

गॅरेजचं शटर अर्धं ओढून मामा एकटेच कामाला बसले होते. जॅकवर थोरल्या मामांची जुनी स्पोर्ट्स कार, आणि टेबलावर तिचा नवा डिफरन्शियल. इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा लोखंडी डबा. गाडीत जवळजवळ दुप्पट ताकदीचं इंजिन बसलं होतं. जुन्या डब्याला ते झेपलं नसतं, म्हणून हा दणकट.

रविवारी सकाळी घाटातली शर्यत होती. गाडी चालवणार होती चिमणी, थोरल्या मामांची लेक. तेवीस वर्षांची घोडी झाली तरी धाकट्या मामांना ती चिमणीच.

"काका, तुम्हीच बसवा. दुसऱ्या कुणाचा हात नको मला," ती म्हणाली होती.

मामांनी हो म्हणायला दोन दिवस लावले होते.

कारण सहा वर्षांपूर्वी थोरले मामा याच गाडीत गेले. तेव्हाही असंच नवं इंजिन, असाच नवा डबा. शर्यतीत भर वळणावर मागची चाकं जाम झाली. 'बोल्ट तुटला, लोखंडाचा काय भरवसा,' असं धाकट्या मामांनी सगळ्यांना सांगितलं. मोडकी गाडी चिमणीने हट्टाने पुन्हा उभी केली.

दोघा भावांची एक पद्धत होती. डब्यातल्या मोठ्या दातेरी चाकाला दहा बोल्ट असतात. एकाने ते आवळायचे आणि पांढरा ठिपका द्यायचा. दुसऱ्याने पाना लावून तपासायचे आणि शेजारी लाल ठिपका द्यायचा. बोल्ट नीट आवळलेला असला की हा पाना 'टक' असा वाजतो.

"माणूस म्हटला की एखादा विसरतोच," थोरले मामा म्हणायचे. "म्हणून तर दुसरा माणूस लागतो."

आता दुसरा माणूस नव्हता.

मामांनी दहाही बोल्ट आवळले, पांढरे ठिपके दिले आणि मागच्या बेसिनवर हात धुवायला गेले.

टक…

मामांनी नळ बंद केला.

टक… टक…

एकेक करून नऊ वाजले. मग काहीच नाही. मामा दहाव्याची वाट बघत तसेच उभे राहिले. तो वाजलाच नाही.

बाहेर आले तर कुणी नव्हतं. शटर होतं तिथेच.

पण नऊ बोल्टांवर पांढऱ्याशेजारी लाल ठिपका होता. ओला. मामांनी लाल रंगाची बाटली सहा वर्षांपूर्वीच फेकून दिली होती.

दहाव्यावर नुसता पांढरा.

मामांनी दहाव्याला पाना लावला. टक. घट्टच होता. तरी तो काढला, कोरा बोल्ट घातला, आवळला, पाठ फिरवली…

नऊ.

आणखी एक कोरा बोल्ट. पानाही दुसरा.

नऊ.

"दादा," मामा रडकुंडीला आले, "आवळलाय रे. शप्पथ आवळलाय. तुझी लेक आहे ती, तिला काही होऊ देईन का मी? अजून काय करू, सांग ना!"



शटर खडखडलं. मामांचा जीवच गेला. पण आत आली ती चिमणी.

"झालं का, काका?" ती टेबलाजवळ वाकली. "अय्या, बाबांच्या वेळचे लाल ठिपके! मग हा एक का सोडलात?"

मामांनी स्टूल ओढलं. स्टुलावर बसून त्यांनी सहा वर्षं गिळलेलं ओकून टाकलं.

"त्या दिवशी तपासायची पाळी माझी होती, चिमणे. मी घाईत होतो. आधी दहाही लाल ठिपके देऊन टाकले आणि मग पाना लावायला घेतला. नऊ झाले आणि गिऱ्हाइकाने हाक मारली. परत येऊन बघतो तर दहाही लाल. मला वाटलं, झालं… तोच बोल्ट सुटला. दादा आवळायला विसरला होता. त्याच्यावर पांढरा ठिपकाच नव्हता. तुटला म्हणून मी खोटं सांगितलं."

 चिमणीने पाना उचलला, दहाव्याला लावला.

टक.

"घट्ट आहे," ती म्हणाली. "बसवा. गाडी मीच चालवणार." आणि शटरखालून वाकताना, "उद्या तुम्ही येऊ नका."

मामांनी डबा बंद करायच्या आधी शेवटचं पाहिलं. दहाव्यावर लाल आला नव्हता.

रविवारी ते घरी फोन धरून बसले. दहा वाजता थोरल्या मामींचा फोन आला. चिमणी शर्यत पुरी करून पोचली होती. अंगाला ओरखडासुद्धा नाही. मामा लहान मुलासारखे रडले. वाटलं, सुटलो.

सुटले कुठले! सोमवारी हात धुवायला गेले तर मागे पुन्हा नऊ. मंगळवारी नऊ. रोज.

मागच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. मामा अर्धे झालेत.

"तिला सगळं सांगितलं नाही मी," ते म्हणाले. "एक राहिलं."

"काय?"

"शर्यत सुटायच्या आधी दादा हेल्मेट घालत होता. तेव्हाच मला आठवलं, दहावा तपासायचा राहिलाय. चांगलं अर्धं मिनिट होतं माझ्या हातात. पण चारचौघांत कसं सांगू, असं वाटलं. म्हटलं, आवळला असेल दादाने. जाताना त्याने मला अंगठा दाखवला रे… मीही दाखवला."

मामांनी माझा हात धरला.

"तिच्यासमोर तोंड उघडत नाही माझं. तू सांगशील?"

मी हो म्हणालो.

पण असं कसं सांगायचं एखाद्या मुलीला? तीनदा फोन लावला, तीनदा इकडचं तिकडचं बोलून ठेवला. काल तर ती हसत होती. कसं बोलणार?

आज दुपारी घरात मी एकटाच होतो. घरात पाना सोडा, धड स्क्रूड्रायव्हर नाही. बेसिनवर हात धुवत होतो.

टक…

मी मोजले.

नऊ.